खिशातली माळ

मद्यपान बरे की वाईट, हा प्रश्न या मासिकाच्या वाचकांपुढे मांडण्याचे काही प्रयोजन नाही. माळकऱ्याने दारूला शिवू नये हे आपल्याकडे पाळण्यातले मूलही जाणते, आणि त्यावर चार पाने खर्ची घालणे म्हणजे पंढरपूरकरास चंद्रभागेची वाट दाखवण्यापैकी आहे. परंतु गेल्या वैशाखात आमच्यापुढे एक प्रकरण आले आणि त्याचा निवाडा आम्ही करावा असा आग्रह झाला. प्रथम आम्हास वाटले, हा प्रश्न दारूचा; उत्तर सोपे आहे. पुढे तसे वाटेनासे झाले. का वाटेनासे झाले तेवढे सांगावे म्हणून हा लेख.

औरंगपुऱ्यातील नाथमंदिरात सायंकाळचा हरिपाठ आटोपून आम्ही भाजी मंडईच्या अंगाने घरी निघालो होतो. (गावाचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, औरंगपुऱ्याला आम्ही अजून औरंगपुराच म्हणतो.) तोच मागून हाक आली, "बुवा, जरा थांबता का?" पाहतो तो आमच्या दिंडीतले एक जुने वारकरी, हातात मेथीची पिशवी, चेहरा उतरलेला. म्हणाले, "आमच्या धाकट्यानं माळेला बट्टा लावला. यंदा त्याला दिंडीत न्यायचा की नाही, तुम्हीच सांगा."

हा धाकटा म्हणजे आमच्या दिंडीचा मृदंग. वय सव्वीस, वाळूजला एका कारखान्यात नोकरी, आणि हाताला अशी गोडी की म्हाताऱ्याकोताऱ्यांचेही पाय आपोआप पावली खेळू लागतात. दिंडीत दुसरा मृदंगवाला नाही. तेव्हा प्रश्न एकट्या बापलेकांचा नव्हता हे वाचकांच्या ध्यानात येईल.

झाले होते ते असे. हा मुलगा कारखान्यातल्या तीन मित्रांबरोबर शनिवार-रविवार गाठून पुण्यास गेला. देवदर्शनास नव्हे, सिंहगड पाहण्यासही नव्हे. हल्ली बिअर नावाचे पेय जागच्या जागी, लहान प्रमाणावर गाळून विकणारी उपाहारगृहे निघाली आहेत, ती एकामागून एक हिंडून पाहायची आणि प्रत्येक ठिकाणची चव घ्यायची, असा तो बेत होता. पुण्यात अशी पहिली जागा २००९ साली निघाली. तिचे नाव डूलॅली. हे नाव ऐकून आम्ही विचारले, ही कोणती भाषा? तर उत्तर मोठे गमतीचे निघाले. आपल्या नाशिकजवळची देवळाली! इंग्रजांच्या काळी मायदेशी परतणारे गोरे शिपाई तिथल्या छावणीत बोटीची वाट पाहत महिनोन् महिने पडून राहत. ऊन, रिकामपण, ताप आणि दारू यांनी त्यांची डोकी फिरत. त्यावरून इंग्रजीत वेड लागलेल्यास 'डूलॅली' म्हणू लागले. आता दारूच्या घराला वेडाचेच नाव देतात आणि लोक हौसेने आत जातात. नाव ठेवणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची मात्र तारीफ केली पाहिजे!

असो. आम्ही त्या मुलास घरी बोलावले. आला, पाया पडला, समोर बसला. लपवाछपवी काही केली नाही. आम्हास वाटले होते मान खाली घालून बसेल, पण तो तर सांगताना रंगला. मोठ्या तांब्याच्या नि पोलादी हंड्या कशा काचेआड उभ्या असतात, जव, ज्याला आपण सातू म्हणतो, त्याला भिजवून मोड आणतात, मग भट्टीत वाळवतात. थोडे भाजले तर पेय सोनेरी होते आणि खूप भाजले तर कॉफीसारखे काळे. भरडलेला सातू ऊन पाण्यात ठेवला की त्यातले पीठ गोड होते. त्या गोड पाण्यात हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालून उकळी आणतात, निववतात, आणि मग त्यात यीस्ट सोडतात. ते यीस्ट साखर खाते आणि मागे मद्यार्क ठेवते. उरलेला चोथा जनावरांच्या आंबोणाला जातो. जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात १५१६ साली कायदा झाला होता की बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांवाचून काही घालू नये. (नाथमहाराजांचा जन्मसुद्धा त्यानंतरचा.) यीस्टचे नाव त्या कायद्यात नाही, कारण त्याचे काम तेव्हा कोणास ठाऊकच नव्हते, ते कोडे पुढे तीनशे-साडेतीनशे वर्षांनी फ्रान्सातल्या पाश्चर नावाच्या शास्त्रज्ञाने उलगडले. बेल्जमात तर ख्रिस्ती साधू मठात बिअर करतात आणि त्यावर मठाचा खर्च चालवतात.

हे सगळे ऐकताना आम्हास राग यायला हवा होता. खरे सांगायचे तर मौज वाटली. हा मुलगा दारू पिऊन आला असे वाटेना. एखाद्या कारागिराच्या घरी राहून आला असे वाटे.

"मग प्यालास किती?" आम्ही विचारले.

"काका, पिणं नाहीच ते. एका फळीवर चार-पाच लहान पेले मांडून देतात. एकेक घोट घ्यायचा, वास घ्यायचा, फरक ओळखायचा. गव्हाची वेगळी, काळी वेगळी, आंब्याची वेगळी. दोन दिवसांत चार जागा झाल्या. चाल डळमळली नाही, शब्द अडखळला नाही. आणि आंबवण्याचंच म्हणाल तर आंबीलही आंबवलेलीच की! नाथषष्ठीला पैठणला उन्हातून गेल्यावर आपण वाडगं वाडगं पितो."

आंबिलीचा मुद्दा आम्ही तिथेच निकाली काढला. एका रात्रीत आंबलेली ज्वारी नि आठवडा-पंधरवडा मद्यार्कासाठीच आंबत ठेवलेला सातू यांत हेतूचा फरक आहे. आणि हेतू बाजूस ठेवला तरी शरीर तो फरक जाणते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्टच सांगितले की मद्याचे निर्धोक असे कोणतेच प्रमाण नाही, पहिल्या थेंबापासून जोखीम आहे. कर्करोग होण्याच्या कारणांत मद्याची गणना १९८८ पासूनच झालेली आहे. "एक घोटच" या शब्दाला वैद्यकातही आता आधार उरला नाही. हे त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले, वाद घातला नाही.

पण त्याचा दुसरा मुद्दा तेवढा सोपा नव्हता. म्हणाला, "काका, नाथांच्या भागवतात अवधूताला चोवीस गुरू सांगितलेत ना? त्यात भ्रमर आहे. फुलाला न दुखवता थोडंथोडं सगळीकडून घेतो. मी तेच केलं. एका ठिकाणी बसून ढोसत नाही राहिलो."

पाहा, माळकऱ्याच्या घरचे पोर! पाठांतर त्याच्या बाजूने वळवू लागले. आम्ही म्हटले, "बाळा, अध्याय पुढे वाच. त्याच अध्यायात मासाही गुरू आहे. गळाला लावलेल्या आमिषाची चव घ्यायला गेला आणि जिवानिशी गेला. बाकीची इंद्रिये उपाशी ठेवली तर थकतात, रसना उपाशी ठेवली तर अधिकच पेटते, म्हणून जोवर जीभ जिंकली नाही तोवर काहीच जिंकले नाही, असे तिथे सांगितले आहे. भ्रमर तू की मासा तू, हे तुझे तू ठरव."

उत्तर ठसठशीत झाले असे आम्हास वाटले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते आम्हासच टोचू लागले. कारण चाखणे हा रोग एका बिअरचा नाही. आपल्या सप्ताहांत काय चालते? आठ दिवस आठ कीर्तनकार. आमच्यासारखे जुने खोड मांडवात भिंतीला टेकून बसतात आणि घरी जाताना बोलतात: पहिल्या दिवशीच्या बुवांचा आवाज गोड, दुसऱ्यांची चाल जुन्या वळणाची, तिसऱ्यांनी दृष्टांत लांबवला, चौथ्यांचे हशे फार. आता तर मोबाइलवर बोट सरकवले की दुसरे कीर्तन, पुन्हा सरकवले की तिसरे. अभंगाचा अर्थ पोटात उतरण्याआधी पुढचा पेला हजर! लहान पेले, एकेक घोट, फरक ओळखला, झाले. तोही मुलगा पेय पोटात न घेता जिभेवर ठेवण्याची विद्या शिकून आला, आणि आम्ही चाळीस वर्षे नामाच्या बाबतीत तेच करीत आलो. मद्य आणि नाम एका पंक्तीला बसवल्याबद्दल कोणी रागावेल. रागावावे. आम्ही पदार्थ एक म्हणत नाही, जीभ एक म्हणतो.

तरीही भेद आहेच, आणि तो आम्ही सोडणार नाही. कीर्तन चाखायला गेलेला एखादे दिवशी सापडतो. चाखता चाखता शब्द आत शिरतो आणि मग घरी जाऊन झोप येत नाही. मद्य चाखणाराही सापडू शकतो, पण कुठल्या घरी पोहोचतो ते आमच्या दिंडीतल्या बायांना विचारावे. त्यांच्यापैकी कित्येकींनी गावचे दुकान बंद करण्यासाठी आडव्या बाटलीला मत दिलेले आहे. त्यांच्यापुढे आम्ही हा विषय काढला तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "माझा नवरा हातभट्टीची प्यायचा, त्याला सगळे दारुडा म्हणायचे. हे पोर पैशे मोजून चाखतंय तर त्याला जाणकार म्हणायचं व्हय?" या प्रश्नाला आम्हापाशी उत्तर नव्हते. गरिबाचे पिणे आणि शिकलेल्याचे चाखणे, ह्यांना आपण दोन नावे दिली आहेत. यीस्टला त्यांतला भेद कळत नाही. सरकारचे तरी काय? आपल्या राज्यात मद्याचे परवाने ज्या कायद्याखाली देतात तो १९४९ चा कायदा दारूबंदीचाच आहे. बंदीच्या नावाने परवाना, आणि परवान्यावर खजिन्याला कर.

तर प्रश्न तिथेच राहिला: मृदंग द्यावा की नाही? दुसऱ्या दिवशी मुलगा पुन्हा आला. त्या दिवशी आम्ही एक गोष्ट विचारली, जी खरे तर पहिल्याच दिवशी विचारायला हवी होती. "अरे, त्या वेळी माळ कुठे होती?"

तो गप्प बसला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याची मान खाली गेली. म्हणाला, "काढली होती. पहिल्या जागेच्या दारात काढली, खिशात ठेवली. रविवारी रात्री पुन्हा घातली."

"का काढलीस?"

"तिचा अपमान होऊ नये म्हणून."

वाचकहो, माळ म्हणजे काय हे आपणास सांगायला नको. ती तुटली तर ओवून गळ्यात येईपर्यंत अन्न न घेणारी माणसे आपण सर्वांनी घरात पाहिली आहेत. तिची गाठ माणूस मेल्यावरच सुटायची. आणि इथे एक मुलगा शुक्रवारी माळकरी होता, शनिवारी नव्हता, सोमवारी पुन्हा होता. त्याच्या बापाला दारूपेक्षा हेच लागले होते. बोलता आले नव्हते इतकेच. चव घेणे निर्दोष आहे असे मुलाला मनातून वाटत असते तर माळ गळ्यात ठेवूनच त्याने पेला उचलला असता. आमच्याशी आंबिलीचा नि भ्रमराचा वाद घालणारे तोंड त्याचे होते, परंतु निवाडा त्याच्या हाताने पुण्यातल्या त्या दारातच देऊन टाकला होता.

इथवर आम्ही निश्चिंत होतो. म्हणालो, आता सांगतो बापाला, यंदा हा दिंडीत नको; गळ्यातली माळ खिशात घालणाऱ्याच्या हाती मृदंग शोभत नाही. पण सांगायला गेलो तेव्हा त्या मुलाने सहज, कुठलाही डाव न मांडता, एक वाक्य उच्चारले. "काका, पुण्याला कशाला गेलो असं आईनं विचारलं. खरं आहे. आपल्याच गावात नाथांच्या पाण्याची इतकी बिअर होते."

हे मात्र जिव्हारी लागले. वाळूज नि चिकलठाण्याच्या पट्ट्यात बिअरचे मोठमोठे कारखाने आहेत, राज्यातल्या बिअरचा मोठा हिस्सा इथे तयार होतो. पाणी कुठले? पैठणच्या जायकवाडी धरणाचे. १९६५ साली पायाभरणी झाली, १९७६ साली पुरे झाले, आणि त्या जलाशयाला नाव दिले नाथसागर. ज्या नाथांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात ओतली, त्यांच्या नावाचे पाणी. मोठ्या कारखान्यात एका लिटर बिअरमागे साधारण चार-पाच लिटर पाणी जाते. फार काटकसरीने चालवला तर तीन, आणि पुण्यातल्यासारख्या लहान हंड्यांत त्याहून पुष्कळ जास्त. शहरात मात्र वर्षानुवर्षे नळाला पाणी पाच, सात, आठ दिवसांनी आलेले आम्ही पाहिले आहे. आणि २०१६ चा उन्हाळा कोण विसरेल? जायकवाडीचा उपयुक्त साठा शून्यावर गेलेला, लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी नेले जात होते. त्या एप्रिलअखेरीस उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांचे पाणी आधी निम्मे आणि १० मेपासून साठ टक्के तोडावयास लावले. त्या निकालाने आम्हा माळकऱ्यांस केवढा आनंद झाला होता! औरंगपुऱ्यात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. आम्ही स्वतः दोन ठिकाणी प्रवचनात गाढवाची कथा लावली आणि कारखानदारांवर तोंडसुख घेतले.

आता पुढचे लिहिताना हात जड होतो, पण लिहिले पाहिजे. गंगथडीला आमचे वडिलोपार्जित पाच एकर रान आहे. त्यात त्या वर्षी दोन एकर ऊस उभा होता. पाटाने भिजवलेल्या उसाला एकरी वर्षाकाठी ऐंशी लाख ते एक कोटी लिटर पाणी लागते. कारखान्याला जाणारे पाणी उसाच्या मानाने काहीच नव्हे, हे त्या वेळी जाणती माणसे सांगत होती. आम्ही ती बिअरवाल्यांची वकिली समजलो. विहीर आटली तेव्हा आम्ही पाचशे फुटांचे बोअर घेतले. रात्री वीज येई, त्या वेळी मोटर चालू करायला आम्ही स्वतः जात असू. महिनाभरात बांधापलीकडच्या वस्तीवरचा हातपंप कोरडा पडला. तिथल्या बाया दीड कोसावरून हंडे आणू लागल्या. आमच्या दारावरून जात. आम्ही त्यांना राम कृष्ण हरी म्हणत असू.

त्या रात्री मोटरकडे जाताना आमच्या गळ्यात माळ होती. ती काढून खिशात ठेवावी असे एकदाही वाटले नाही. त्या मुलाला दारात निदान तिचा भार जाणवला. आम्हास जाणवलाच नाही. तिचा अपमान होतो आहे हे ध्यानात यायलाही काही लाज शिल्लक असावी लागते.

हे आम्ही त्या मुलास सांगितले. वयाने निम्म्याहून लहान पोरापुढे असे बोलण्याची सवय आम्हास नाही, जीभ अडखळली. तो काही बोलला नाही. उठताना म्हणाला, "काका, मी एवढ्यात माळ घालत नाही. घालीन तेव्हा काढण्यासाठी नाही घालणार. पण मृदंगाचं काय ते तुम्ही सांगा, हट्ट नाही."

बापाला आम्ही सांगितले की मृदंग त्यालाच द्यावा, आणि त्यास माळ घालण्याची सक्ती कोणी करू नये. बापाला पटले नाही. म्हणाले, "बिनमाळेचा मृदंगी? लोक काय म्हणतील?" दिंडीतल्या तिघांचौघांनाही पटले नाही, त्यांनी आम्हास स्पष्ट शब्दांत विचारले, की आज चाखणाऱ्यास मृदंग दिला तर उद्या पिणाऱ्यास वीणा देणार का? प्रश्न योग्य आहे. वीणा आम्ही देणार नाही, एवढेच सांगू शकलो. कुठे थांबायचे त्याची रेघ आम्हास अजून नीट आखता आलेली नाही, आणि वाचकांपैकी कोणास आखता येत असेल तर अवश्य लिहून कळवावे. उसाच्या दोन एकरांपैकी एकात आम्ही यंदा तूर पेरणार आहोत. दुसऱ्याबद्दल घरात अजून वाद चालू आहे. मुलगा म्हणतो, कर्ज फिटू द्या.

माळ सध्या त्या मुलाच्या आईपाशी आहे. तिने ती देवघरात विठोबाच्या तसबिरीच्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे आणि रोज तुळशीबरोबर तिलाही पाणी शिंपडते. मुलगा संध्याकाळी हरिपाठाला येतो, मागच्या रांगेत बसतो. परवा आमचा टाळ चुकला, तेव्हा त्याने मृदंगावर एक ठेका जास्त घेऊन आम्हास सावरून घेतले. कोणाच्या ध्यानातही आले नाही.